पीथमपुरच्या भिंती भिल्ल चित्रकारांच्या हाती द्या

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व नगरसेवक,
नगरपालिका परिषद, पीथमपुर, जिल्हा धार.



हे पत्र एका मागणीसाठी आहे, म्हणून ती आधीच सांगतो. पीथमपुरच्या सार्वजनिक भिंतींवर, चौकांत, बसस्थानकावर आणि होऊ घातलेल्या रेल्वे स्थानकावर चित्रं काढायची वेळ येईल, तेव्हा ते काम धार, झाबुआ आणि अलीराजपूरच्या भिल्ल आणि भिलाला कलावंतांना द्या. त्यांना विचारून, त्यांच्या नावानिशी आणि कलावंताला साजेल असा मोबदला देऊन. त्यांच्या चित्रांच्या नकला रंगकामाच्या ठेकेदाराकडून करवून घेऊ नका.

मी धारचा रहिवासी. पवारांच्या संस्थानांबरोबर जी मराठी घरं धार-देवासला आली आणि इथलीच होऊन गेली, त्यांतलं आमचं एक. पत्र मराठीत लिहितो आहे, कारण ते आपल्या कार्यालयाबरोबरच धार, देवास, इंदूरच्या मराठी घरांत वाचलं जावं, आणि ज्यांचे कारखाने पीथमपुरात आहेत त्या पुण्या-मुंबईच्या उद्योजकांपर्यंतही पोचावं, अशी इच्छा आहे. या कामात त्यांचाही वाटा असायला हवा. तो कसा, ते पुढे येईलच.

पीथमपुर तसं तरुण शहर. १९८० च्या दशकात औद्योगिक क्षेत्र म्हणून ते आकाराला आलं. महाराष्ट्राच्या रस्त्यांवर ज्या किनेटिक होंडा स्कूटर धावल्या, त्या इथे तयार होत. पुण्याच्या बजाज टेम्पोने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, इथे कारखाना उभारला. आयशरचे ट्रक आले, औषधांचे कारखाने आले. २०२१ मध्ये वाहनांच्या चाचणीसाठी ११.३ किलोमीटरचा अतिवेगवान ट्रॅक सुरू झाला. २०११ च्या जनगणनेपर्यंत लोकसंख्या सव्वा लाखावर गेली होती. या सगळ्यामुळे देशाने पीथमपुरला यंत्रांचं गाव म्हणून ओळखलं. मग २०२५ च्या जानेवारीत भोपाळच्या युनियन कार्बाइडचा सुमारे ३३७ टन विषारी कचरा जाळण्यासाठी इथे आणला गेला, लोक रस्त्यावर उतरले, आणि काही महिने देशभरच्या बातम्यांत या गावाचं नाव त्या कचऱ्याच्या जोडीने घेतलं गेलं.

ज्या जिल्ह्यात हे शहर उभं आहे, त्या जिल्ह्याची ओळख मात्र या दोन्हींत कुठेच येत नाही. धार जिल्ह्यातले निम्म्याहून अधिक लोक आदिवासी आहेत. पश्चिमेला झाबुआ आणि अलीराजपूरमध्ये हेच प्रमाण ८५ टक्क्यांच्या वर जातं. कुक्षी, गंधवानी, डही, टांडा, जोबट, राणापूर अशा गावांतून माणसं मजुरीसाठी बाहेर पडतात. पाया खोदायला, विटा वाहायला, स्लॅब टाकायला, माल चढवायला त्यांचे हात लागतात. शहराच्या भिंती त्यांच्या श्रमाने उभ्या राहतात. त्या भिंतींवर काय असावं हे ठरवताना मात्र त्यांना कोणी बोलावत नाही.

आपल्याला वाटेल, आदिवासी कला ही घरातली, देवघरातली गोष्ट. तिला शहराच्या चौकात आणायचं म्हणजे तिची जागा बदलायची. या भागातली परंपरा पाहिली तर तसं नाही. भिल्ल आणि भिलाला समाजाची कला फार पूर्वीपासून उघड्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेसमोर उभी आहे. झाबुआ-अलीराजपूरकडे जाताना शेताच्या बांधावर, रस्त्याच्या कडेला उभ्या कोरीव शिळा दिसतात. त्यांना गातला म्हणतात. अपघातात, भांडणात, किंवा अवेळी ज्याला मरण आलं त्याच्या नावाने घरचे लोक ती शिळा उभी करतात. तिच्यावर घोडेस्वार कोरलेला असतो, वर सूर्य-चंद्र असतात, आणि पुष्कळदा ती ठसठशीत रंगांत रंगवलेली असते. माणूस गेल्यावर त्याला विसावण्यासाठी जागा द्यायची, आणि ती गावाच्या डोळ्यांसमोर द्यायची, ही त्यामागची समजूत. देवस्थानांपाशी मातीचे घोडे रांगेने वाहिलेले असतात. नवस फेडणाऱ्याचं सुखदुःख असं सगळ्या गावाला दिसतं. सार्वजनिक कला म्हणून आज जे काही शिकवलं जातं, त्यातलं पुष्कळसं या समाजाने पिढ्यान् पिढ्या केलेलं आहे.

आणि भिंतीवरच्या चित्राबद्दल बोलायचं तर पिठोराचं नाव घ्यावंच लागेल. भिलाला आणि राठवा समाजात घरात दुखणं आलं, जनावरं दगावली, मूल होईना, पीक बुडालं, की बाबा पिठोराचा नवस बोलतात. नवस फेडायची वेळ आली की ओसरीची आतली भिंत सारवून पांढरी करतात आणि लिखिंद्र्याला बोलावतात. पिठोरा लिहिणारा तो लिखिंद्रा; गुजरातच्या बाजूला त्याला लखारा म्हणतात. रंगांत दूध आणि मोहाची दारू मिसळली जाते. देवांचे घोडे रांगेने भिंतीवर येतात, पिठोराच्या लग्नाची वरात सजते, आणि त्यांच्या भोवती शेत, विहीर, झाडं, मधमाश्या, जनावरं, माणसं, म्हणजे सारं जगच मांडलं जातं. रात्रभर गाणं चालतं. बडवा, म्हणजे त्यांचा पुजारी, अंगात आलेल्या अवस्थेत भिंतीसमोर उभा राहून एकेक आकृती ओळखतो. काही राहून गेलं असेल तर ते भरावं लागतं, त्याशिवाय नवस फिटत नाही. अलीराजपूर जिल्ह्यातल्या भाबऱ्याचे पेमा फत्या हे या परंपरेतले मोठे लिखिंद्रा. त्यांचं २०२० मध्ये निधन झालं.

इथेच मला आपल्याला सावध करायचं आहे. शहर सजवायचं ठरलं की सर्वांत आधी हात जातो तो पिठोराच्या घोड्यांकडे. ते देखणे आहेत, लांबूनही ओळखू येतात, आणि कोणताही पेंटर त्यांचा साचा कापून भिंतभर उठवू शकतो. पण तो घोडा देवाचा आहे. नवसाशिवाय, बडव्याशिवाय, लिखिंद्र्याच्या हाताशिवाय तो कुठे काढावा आणि कुठे काढू नये, हे त्या समाजाने ठरवायचं आहे. मुतारीच्या मागच्या भिंतीवर, नाल्याच्या कठड्यावर, जिथे ट्रक चिखल उडवतात तिथे देवाचे घोडे रंगवले गेले, तर ज्याच्या ओसरीवर तो देव आहे त्याला काय वाटेल? आपल्या देव्हाऱ्यातल्या मूर्तीचं चित्र तशा जागी कोणी काढलं तर आपण एक दिवसही गप्प बसणार नाही. हाच न्याय त्यांनाही लागू आहे.

विचारून केलं तर वाट निघते. त्याचं उदाहरण याच प्रदेशात आहे. झाबुआ जिल्ह्यातल्या पिटोल गावच्या भूरीबाई भोपाळला भारत भवन या कलाकेंद्राच्या बांधकामावर मजुरीला होत्या. रोज सहा रुपये. भारत भवन १९८२ मध्ये सुरू झालं. तिथल्या कलासंग्रहालयाची जबाबदारी चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांच्याकडे होती. तुमच्या गावाकडे भिंतीवर काय काढता ते काढून दाखवा, असं त्यांनी या मजूर बायांना म्हटलं. भूरीबाईंपुढे अडचण होती. पिठोरा काढण्याचा अधिकार त्यांच्या समाजात पुरुषांचा. बाईने तो काढायचा नाही. त्यांनी ती मर्यादा मोडली नाही. त्यांनी आपल्या आठवणीतलं जग काढलं: झाडं, मोर, जनावरं, झोपडी, सण, बायका. त्या चित्रांतून भिल्ल चित्रकलेची एक नवी वाट उघडली. लाडोबाई आणि इतर अनेक चित्रकार त्या वाटेने पुढे आले. भूरीबाईंना मध्यप्रदेश शासनाचा शिखर सन्मान मिळाला आणि २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. भोपाळचं जनजातीय संग्रहालय २०१३ मध्ये सुरू झालं. तिथल्या एका लांबलचक भिंतीवर भूरीबाईंनी स्वतःचं सगळं आयुष्य चितारलं आहे. मजूर म्हणून ज्या शहरात त्या आल्या, त्याच शहराच्या भिंतीवर त्यांनी आपली गोष्ट आपल्या हाताने लिहिली.

या चित्रांतल्या ठिपक्यांबद्दलही सांगायला हवं. भिल्ल चित्रकार आकृती रेखून झाली की ती ठिपक्यांनी भरतो. ठिपक्यांचा आकार, त्यांची दाटी, त्यांच्या ओळींची दिशा, रंगांचा क्रम हे प्रत्येकाचं वेगळं असतं. जाणकाराला सही न पाहता चित्र कोणाचं ते ओळखता येतं. कोणी त्या ठिपक्यांत मक्याचे दाणे पाहतो, कोणी पूर्वजांचं स्मरण. साचा लावून फवारलेल्या ठिपक्यांत हे काहीच उरत नाही. नकलेत चूक अशी नसते, सारखेपणा असतो, आणि तोच मूळ चित्रावर घाला असतो.

महाराष्ट्रातल्या वाचकांना हे वारलीवरून लगेच कळेल. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर लग्नात देवचौक लिहिला जाई. गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने सवाशिणी तो काढत, मधोमध पालघट देवी बसे, लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणे. १९७० च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी त्या पाड्यांवर पोचले आणि गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्या हातातली विलक्षण कला जगापुढे आली. मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले. आज मुंबई, ठाणे, पुण्यात सोसायटीच्या कुंपणापासून उड्डाणपुलाच्या खांबापर्यंत वारली आकृत्या दिसतात. त्रिकोणी धडाची माणसं गोल धरून तारपा नाचतात. त्यांतल्या किती भिंती वारली माणसाने रंगवल्या? किती ठिकाणी त्याचं नाव लिहिलं आहे? चित्र शहरभर पोचलं आणि चित्रकार पाड्यावरच राहिला. एवढ्या मोठ्या प्रसिद्धीनंतर हे घडलं. पीथमपुरात भिल्ल चित्रकलेचं असं होऊ नये, कारण इथे अजून वेळ आहे.

हा प्रश्न फक्त आपलाच आहे असंही नाही. ऑस्ट्रेलियात मूळनिवासींच्या कलेबाबत हेच घडलं आणि त्यातून ते लोक काही शिकले. १९६६ मध्ये तिथे नवं चलन आलं, तेव्हा एक डॉलरच्या नोटेवर डेव्हिड मलंगी या मूळनिवासी चित्रकाराचं सालीवरचं चित्र छापलं गेलं. त्याला कोणी विचारलंही नव्हतं. चित्र कोणा अज्ञात परंपरेतलं आहे असंच धरून चाललं होतं. नोटा लोकांच्या हातात पडल्यावर चित्रकार हयात आहे हे कळलं. मग तिथल्या रिझर्व्ह बँकेच्या प्रमुखांनी त्याला एक हजार डॉलर, एक पदक आणि मासेमारीचं सामान दिलं. पुढे १९८८ मध्ये कॅनबेराला नवं संसदभवन उभं राहिलं, तेव्हा त्याच्या समोरच्या प्रांगणातलं मोठं मोझेक मायकेल नेल्सन जगमारा या मूळनिवासी कलावंताच्या चित्रावरून केलं गेलं, आणि ते त्याच्या नावाने केलं गेलं. १९९३ मध्ये जमिनीच्या हक्कांच्या कायद्यावरून त्याच जगमाराने संसदेसमोर येऊन आपल्या मोझेकमधला दगड काढून घेण्याची निषेधाची कृती केली. देशाला आमचं चित्र हवं असेल, तर आमची जमीन आणि आमचा शब्दही मानला पाहिजे, असंच जणू त्याने सगळ्या देशाला सांगितलं. चित्राला नाव असलं की त्या नावामागचा माणूस बोलू शकतो. बिननावाच्या चित्राला ती सोय नसते.

आता धारचंच एक उदाहरण. गिरगाव चौपाटीवर लोकमान्य टिळकांचा जो पुतळा आहे, तो घडवणारे शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके. वसईचे फडके धारच्या महाराजांच्या बोलावण्यावरून इथे आले आणि धारचेच झाले. त्यांनी इथे कलाशाळा काढली, शिष्य तयार केले. १९६१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या स्टुडिओचं नाव धारमध्ये आजही आदराने घेतलं जातं. टिळकांचा पुतळा कोणा कारागिराने केला, त्याचं नाव कशाला लिहायचं, असं आपण कधी म्हणू का? मराठी माणसाच्या शिल्पाला जो मान आपण देतो, तोच भिल्ल माणसाच्या चित्राला मिळाला पाहिजे. धारच्या राज्यकर्त्यांनी एके काळी एका कलावंताला सन्मानाने बोलावून जागा दिली. त्याच धार जिल्ह्यातल्या नगरपालिकेला हे करणं अवघड नाही.

आता प्रत्यक्ष काय करावं, ते सांगतो.

पहिली गोष्ट, निविदा. भिंत रंगवण्याचं काम सहसा चौरस फुटाच्या दराने निघतं, सर्वांत कमी दर देणाऱ्याला मिळतं, आणि तो इंटरनेटवरून चित्रं उतरवून मजुरांकरवी ती भिंतीवर उठवतो. या पद्धतीत आदिवासी कलावंत येऊच शकत नाही. त्याच्याकडे ठेकेदाराचं नोंदणीपत्र नसतं, अनामत भरायला पैसे नसतात. म्हणून कलाकामाची निवड वेगळ्या रीतीने व्हावी. भिल्ल आणि भिलाला चित्रकार, गावातले बडवे आणि जाणती माणसं, एखादा कलाशिक्षक आणि नगरपालिकेचा अभियंता अशी छोटी समिती असावी. कोणत्या भिंतीवर काय काढायचं आणि काय अजिबात काढायचं नाही, हे तिने ठरवावं. पिठोराबाबत तिचा शब्द अखेरचा मानावा.

दुसरी गोष्ट, मोबदला. चित्रकाराचं मानधन, सोबत्यांची मजुरी, प्रवास, राहणं-जेवण, रंग, परांची, विमा हे सगळं वेगवेगळं धरावं. काम पावसाळा संपून भिंती सुकल्यावर सुरू करावं. पेरणी, कापणी आणि होळीआधीचा भगोरिया या काळात कलावंताला अडकवून ठेवू नये. तो सण त्याच्यासाठी वर्षाचा मोठा सण असतो.

तिसरी गोष्ट, करारपत्र. भिंतीवर चित्रकाराचं आणि त्याच्या गावाचं नाव हिंदीत आणि त्याच्या बोलीत लिहिलेलं असावं. चित्राचा फोटो कॅलेंडरवर, भेटवस्तूंवर, जाहिरातीत वापरायचा तर पुन्हा परवानगी आणि पुन्हा मोबदला. चित्र पुसायचं किंवा झाकायचं असेल तर आधी चित्रकाराला कळवायचं. याला सौजन्याच्या पलीकडे कायद्याचाही आधार आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं ५७ वं कलम कलावंताला आपल्या कृतीवर नाव लावण्याचा आणि तिची मोडतोड रोखण्याचा हक्क देतं. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं भव्य भित्तिशिल्प सरकारने १९७९ मध्ये काढून टाकलं. सहगल न्यायालयात गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे उरलेले भाग त्यांना परत देण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाईचा निकाल दिला. सहगल नावाजलेले होते, वर्षानुवर्षं लढू शकले. भाबऱ्याच्या किंवा पिटोलच्या चित्रकाराला ती लढाई लढावी लागू नये, म्हणून सगळं आधीच कागदावर हवं.

चौथी गोष्ट, देखभाल. पीथमपुरच्या रस्त्यांवर दिवसरात्र ट्रक धावतात. जमिनीपासूनचे पहिले दोन-तीन फूट धुळीने आणि चिखलाने भरतात, उन्हाने रंग विटतो, आणि रिकामी दिसलेली प्रत्येक भिंत पोस्टरवाल्यांना मोकळी वाटते. म्हणून चित्र खालची पट्टी सोडून वर सुरू व्हावं, पाच वर्षांची देखभाल करारातच असावी, आणि डागडुजीचं काम त्याच चित्रकाराला किंवा त्याने सांगितलेल्या माणसाला मिळावं. फाटलेलं, विटलेलं, पोस्टरखाली दबलेलं चित्र म्हणजे चित्र नसण्यापेक्षा वाईट.

पाचवी गोष्ट, पैसा. इथे पुण्या-मुंबईच्या उद्योजकांना माझी थेट विनंती आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. त्या कामांच्या यादीत पारंपरिक कला आणि हस्तकलांना प्रोत्साहन आणि त्यांचा विकास यांचा स्पष्ट उल्लेख आहे. आपल्या कारखान्याच्या बाहेरची एक लांब भिंत आपण यासाठी द्यावी. मात्र तिच्यावर आपलं बोधचिन्ह चित्रकाराच्या नावापेक्षा मोठं नसावं, आणि काय काढायचं हे आपल्या जाहिरात विभागाने ठरवू नये.

जागांबद्दल एक सुचवणी. इंदूर-दाहोद रेल्वेमार्गाची पायाभरणी २००८ मध्ये झाली. सुमारे २०५ किलोमीटरचा हा मार्ग टिही, पीथमपुर, धार करत झाबुआकडे जातो, म्हणजे थेट भिल्लांच्या मुलखात. ज्या डोंगरांतून माणसं आजवर बसच्या टपावर आणि ट्रकमध्ये उभ्याने मजुरीला आली, त्यांच्यासाठी ही रेल्वे आहे. या मार्गावरच्या स्थानकांच्या भिंती भिल्ल चित्रकारांच्याच असाव्यात. नगरपालिकेने रेल्वेकडे तशी लेखी मागणी आत्ताच करावी. स्थानक बांधून, टाइल लावून झाल्यावर चित्राला उरतो तो कोपरा, आणि कोपऱ्यात मान मिळत नाही.

आणखी एक जागा आहे, तिच्याबद्दल जपून बोलतो. कारखान्यांत, बांधकामांवर, रस्त्यांवर ज्या मजुरांचे जीव गेले, त्यांची आठवण शहरात कुठे असावी? अवेळी गेलेल्यासाठी शिळा उभी करण्याची रीत ज्या समाजात आहे, त्यातल्या शिळा कोरणाऱ्यांना बोलावून, मृतांच्या घरच्यांना विचारून, त्यांची इच्छा असेल तर, शहरात एक स्मृतिस्थळ व्हावं. कोणत्याही औद्योगिक शहराला शोभेल असं ते स्मारक होईल. घरच्यांची इच्छा नसेल तर ते होऊ नये.

आपल्याकडे येणारा आक्षेप मला ठाऊक आहे. पाणी, रस्ते, हवा, कचरा हे प्रश्न समोर असताना चित्रांवर खर्च कशाला? प्रश्न योग्य आहे. माझं उत्तर असं: चित्र हे त्या प्रश्नांना पर्याय नाही आणि त्यांच्यावरचं पांघरूणही होऊ नये. नळाला पाणी नाही आणि भिंतीवर मोर, असं झालं तर तो मोर खोटा ठरेल. म्हणून चित्रकाराला विषयाचं स्वातंत्र्य द्या. त्याला झाडं आणि सण काढायचे असतील तर ते काढू दे. कारखान्यांच्या चिमण्या, कंपनीची बस, मजुरांचा नाका, विहिरीचं बदललेलं पाणी काढायचं असेल तर तेही काढू दे. पाटणगढच्या गोंड चित्रकार जनगढसिंह श्यामने भोपाळच्या विधानभवनाच्या भिंतीवर विमानसुद्धा काढलं. आदिवासी चित्रकार आजचं जग पाहतो आणि काढतो. त्याला फक्त मोर आणि हरणं काढायला लावणं म्हणजे त्याला आजच्या जगातून हद्दपार करणं.

आणि खर्चाबद्दल म्हणाल तर, स्वच्छ सर्वेक्षणाच्या निमित्ताने देशातली कितीतरी शहरं दरवर्षी भिंती रंगवून घेतात. शेजारच्या इंदूरच्या भिंती आपण पाहतोच. पैसा खर्च होतोच आहे. तो कोणाच्या हातात जातो आणि त्यातून शहराला काय मिळतं, एवढंच आपल्याला ठरवायचं आहे. तोच पैसा डहीच्या, जोबटच्या, राणापूरच्या घरांत गेला, तर तिथल्या मुलामुलींना कळेल की वडिलांकडून, आजीकडून शिकलेल्या रेषेवर पोट भरता येतं, आणि शहरात मजूर म्हणूनच जावं लागतं असं नाही.

म्हणून विनंती आहे की, नगरपालिकेच्या येत्या बैठकीत तीन ठराव करावेत. शहरातल्या सार्वजनिक चित्रकामासाठी आदिवासी कलावंतांची समिती नेमावी. आदिवासी चित्रांच्या नकला करणाऱ्या निविदा यापुढे काढू नयेत. आणि पीथमपुर रेल्वे स्थानकाची मुख्य भिंत भिल्ल चित्रकारांसाठी राखून ठेवण्याची मागणी रेल्वेकडे पाठवावी. या तिन्हींना पैसा फारसा लागत नाही. निर्णय लागतो, आणि तो आपल्या हातात आहे.



आपला,
धारचा एक मराठी रहिवासी